बापूसाहेबांची डिकेमाली

मांजराला उंदरांची जेवढी आवड असते, तेवढीच आमच्या बापूसाहेब देशमुखांना झाडांची आवड होती. हे मी रागाने लिहितो आहे याची मला कल्पना आहे. पण ते गेल्यावर शोकसभेत एकामागून एक वक्ता उठून त्यांना ‘वृक्षप्रेमी’ म्हणत होता आणि मला मान खाली घालून ते ऐकावं लागलं. त्याचं उट्टं कुठेतरी काढायलाच हवं.

बापूसाहेब खामगावातले नावाजलेले दिवाणी वकील. मीही वकील, आणि घर त्यांच्या शेजारी. म्हणजे दिवसा कोर्टात त्यांच्याकडून हरायचं आणि संध्याकाळी कुंपणाजवळ उभं राहून त्यांचं ऐकायचं, असे दोन्हीकडचे भोग माझ्या वाट्याला होते. माणूस उंच, हडकुळा. चष्मा कायम नाकावरून घसरलेला. तो वर करण्याऐवजी ते हनुवटी वर करून बघत, त्यामुळे समोरचा माणूस आपोआप ठेंगणा ठरायचा. कोर्टात ते इतकं शुद्ध पुस्तकी मराठी बोलत, की अशिलांना वाटायचं साहेब आपली केस सोडून कीर्तनाला बसले. रागावले की मात्र अस्सल वऱ्हाडीवर येत. आणि बागेत ते बहुतेक वेळ रागावलेलेच असत.

त्यांच्या घरी गेलं की पाणी मिळायच्या आधी बाग पाहावी लागे. बापूसाहेब पुढे, त्यांच्या हातात बारा महिने छत्री, आणि तिच्या टोकाने ते एकेका झाडाची ओळख करून देत. पण त्यात स्वतःच्या झाडांचं कौतुक थोडं आणि दुसऱ्यांच्या बागांची निंदा फार. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर गुलाब लावत. त्यांच्याबद्दल बापूसाहेब म्हणत, “नाजूक कलमं आणायची अन् रोज औषधाच्या पिचकाऱ्या मारायच्या. डॉक्टरले घरी बी पेशंटच पाह्यजेत.” जिनिंगवाल्या शेटजींच्या क्रोटनबद्दल, “नुसतीच रंगीत पानं. बिनअशिलाचा वकील.” हे म्हणताना ते माझ्याकडे का बघत, हे मी कधी विचारलं नाही.

नवं राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. जो तो काहीतरी ‘आपलं’ शोधत होता. बापूसाहेबांना आपली झुडपं सापडली. “राज्य आपलं झालं, मग बागा काऊन अजून सायबाच्या?” असं ते बाररूममध्ये टेबलावर हात आपटून विचारत. विचार चांगला होता. चांगला विचार चुकीच्या माणसाच्या हाती पडला की काय होतं, ते मी जवळून पाहिलं.

या बागेचा खरा मानकरी म्हणजे माती. त्यांच्या घराभोवती मुळात नुसता मुरूम होता. तो कमरेइतका खणून त्यांनी फेकून दिला आणि आपल्या शेतातली काळी माती गाड्या भरभरून आणून तिथे ओतली. मूठभर माती उचलून ते पाहुण्याच्या नाकाशी धरत. “हिच्यात छत्री रोवली तं पानं फुटतीन.” पाहुणा माना डोलवायचा. आमच्याकडच्या माणसाला देवाबद्दल शंका येऊ शकते, काळ्या मातीबद्दल येत नाही. कापूस तिच्यात, ज्वारी तिच्यात, मुलीच्या लग्नाची बोलणी तिच्यावर. मग झुडपाची काय बिशाद, की ते तिला नको म्हणेल.

मोताळ्याच्या बाजूला, घाटाच्या पायथ्याशी एक बांधाचं भांडण चालू होतं. बापूसाहेबांचा अशील सुपडा नावाचा शेतकरी, आणि त्याच्या शेजाऱ्याचा वकील मी. होळी होऊन गेल्यावर कोर्टाने नेमलेल्या माणसाबरोबर आम्ही दोघं जागा पाहायला गेलो. बांधाच्या वरच्या अंगाला टेकडीचा मुरमाड उतार होता आणि त्यावर कमरेएवढी तीन झुडपं. फांद्या वेड्यावाकड्या, पानं नावाला, आणि टोकाटोकाला पांढरी शुभ्र फुलं. उन्हात डोळे दिपत होते. वास असा, की बांधाची मापं घेणारा माणूस साखळी हातात धरून तसाच थांबला.

“हे काय हाय रे?” बापूसाहेबांनी विचारलं.

“डिकेमाली हाय जी,” सुपडा म्हणाला. “कळ्यायच्या टोकाले डिंक येते. ढोराच्या जखमेत किडे पडले का लावतो. माशी बसत नाई.”

डिकेमाली आम्हा सगळ्यांना ठाऊक होती, पण पुडीतली. लहानपणी जंतांवर आईने नाक दाबून पाजलेली, घाणेरड्या वासाची. ती झाडावर येते आणि त्या झाडाला असं फूल असतं, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. एकाच फांदीवर आजचं फूल पांढरं आणि कालचं पिवळं पडलेलं. पानं उलटसुलट करून झाल्यावर बापूसाहेबांनी विचारलेला पुढचा प्रश्न मला शब्दशः आठवतो. “हे खामगावात कोणाच्या बागेत आहे?”

“नसंन जी. कोण लावते?”

एवढं बास होतं. फूल सुंदर होतं म्हणून त्यांना ते नको होतं. डॉक्टरांकडे नव्हतं म्हणून हवं होतं.

बांधाची केस ते जिंकले. सुपडा त्यांच्या उपकाराखाली होता, तेव्हा त्याच्याकडे झाड मागायचा प्रश्नच नव्हता. माणसं पाठवून एक झुडूप खणून आणलं, बागेच्या मधोमध काळ्या मातीत बसवलं, वर शेणखताची टोपली, आणि सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी. सुपडा निकालाची नक्कल न्यायला आला तेव्हा त्यालाही ते दाखवलं. तोही म्हणाला, “खत अजून टाका जी, काय कमी हाय तुमच्याकडं.” जंगलातलं झुडूप घरी कसं लावतात हे त्याला तरी काय माहीत? श्रावणात झाड काळं पडलं आणि उपटलं तेव्हा मुळं हाताला बुळबुळीत लागली. बापूसाहेबांनी निकाल दिला, “झाड आधीच रोगट होतं.”

दुसऱ्या वर्षी दुसरं आणलं. या वेळी पाणी जरा कमी घातलं, म्हणून त्याने थोडा तग धरला, कोंब फुटले आणि कोंबांच्या टोकांवर पिवळट डिंकाचे थेंब आले. तेव्हाच नेमका हळदीकुंकवाला बायका आल्या आणि पदर नाकाला लावून बागेतून चालू लागल्या. बापूसाहेबांचा अपमान झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी घासलेटात फडकं बुडवून एकेक कोंब स्वतः पुसून काढला. मी कुंपणाआडून बघत होतो. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “आता साबण बी लावा. अन् आंघोळ झाली का काजळ घाला.”

“तुले काय समजते त्यातलं?”

“मले काईच समजत नाई. तुमाले समजते, म्हून तं ते मरून राह्यलं.”

आठवड्याभरात कोंब जळले. बापूसाहेब म्हणाले, घासलेटात भेसळ होती.

त्यानंतर प्रदर्शनाची भानगड निघाली. गावात फुलांचं प्रदर्शन एरवी थंडीत भरायचं. त्या वर्षी उद्घाटनाला मुंबईहून मोठा पाहुणा येणार होता आणि त्याला सवड चैत्रात होती, म्हणून प्रदर्शनही चैत्रात. खामगावच्या चैत्रात माणसं तग धरत नाहीत तिथे गुलाब काय धरणार! डॉक्टर हवालदिल झाले. बापूसाहेबांनी मात्र भर बाररूममध्ये जाहीर केलं, की आपण असं फूल ठेवू जे या गावाने जन्मात पाहिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, “या वेळी जिवंत ठेवाल ना?” सगळे हसले. बापूसाहेबांची हनुवटी आणखी वर गेली आणि मला कळलं, की आता टेकडीवरचं शेवटचं झुडूप गेलं.

मी बरोबर गेलो. का गेलो म्हणाल, तर तमाशा बघायला. झुडूप कळ्यांनी लगडलेलं होतं. दोन मजूर पहारी घेऊन उभे, बापूसाहेब छत्रीखाली, आणि सुपडा बांधावर बसलेला. तो उठून जवळ आला.

“हे बी नेता का साहेब?”

“हो.”

“मंग आमच्या ढोरायले काय लावाव?”

“बाजारात पुडी भेटते ना.”

“बाजारातली खोटी राह्यते जी. राळ मिसळते त्यात.”

“मी चांगली पाठवून देईन,” बापूसाहेब एकदम शुद्ध बोलू लागले. ते शुद्ध बोलू लागले की समजावं, आपली बाजू लंगडी आहे हे त्यांना कळलं आहे. सुपडाने आपली बैलगाडी जुंपली. ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून मजुरांनी घाईघाईने पहारी चालवल्या. मुळं तटातट तुटत होती. मातीच्या गड्ड्यासकट झाड गोणपाटात बांधलं आणि सुपडाच्याच गाडीतून नांदुऱ्याला, तिथून सरकीच्या ट्रकवर खामगावला आणलं.

आणि ते फुललं. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी सगळ्या कळ्या एकदम उमलल्या. घासलेटाचा हात या वेळी वहिनींनी आवरला होता. मांडवात शिरलं की आधी तो वास यायचा. बाकी टेबलांवर माना टाकलेले गुलाब, करपलेला शेवंतीचा पाला, आणि मध्ये हे. पाहुण्यांनी वाकून वास घेतला, बापूसाहेबांचा हात हातात घेतला, त्यांना चांदीचं पाणी दिलेला चषक मिळाला. दुसऱ्या दिवशी फुलं पिवळी पडली तेव्हा डॉक्टर म्हणाले, “रंग बदलतं वाटतं. वकिलाघरचं शोभतं खरं.” एरवी बापूसाहेबांनी त्यांना जागेवर सोलून काढलं असतं. पण जिंकलेला माणूस उदार होतो. ते नुसते हसले आणि चषक खांद्याशी धरून फोटोला उभे राहिले.

पंधरवड्यात झाड वाळलं. मुळांत उरलेल्या ओलाव्यावर फुललं होतं ते. त्या खड्ड्यात बापूसाहेबांनी झेंडू लावला आणि चषक बैठकीत मांडला. लावणीबद्दल विचारायला लोक येऊ लागले. हे महाशय त्यांना खुर्चीत बसवून ‘डिकेमालीची जोपासना’ या विषयावर तास-तास बोलत. मेलेल्या तीन झाडांच्या जोरावर माणूस तज्ज्ञ झाला. मी एकदा वहिनींना म्हटलं, अजून दोनचार मारली असती तर प्रोफेसर झाले असते. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “भाऊजी, त्यायले झोप येत नाई आजकाल.” मला ते खरं वाटलं नाही.

सुपडा आला तो पावसाळ्यात. मी तेव्हा बापूसाहेबांच्या ओट्यावर चहा घेत होतो. खांद्यावर घोंगडी, पाय चिखलाने भरलेले. एसटीने आला होता.

“साहेब, उलसाक डिंक पाह्यजे होता. बैलाच्या खांद्याले किडे पडले.”

बापूसाहेब उठले नाहीत. ज्या माणसाने कलेक्टरलाही आधी बाग दाखवली, त्याने सुपडाला बागेकडे चला म्हटलं नाही. सुपडा मात्र आपणहूनच कठड्यावरून वाकून बघू लागला.

“झाड कुठं हाय जी?”

“मेलं.”

“अन् पयले दोन?”

“तेही.”

सुपडा थोडा वेळ झेंडूकडे बघत राहिला. “मले वाटलं,” तो म्हणाला, “इथं सुखात असंन.”

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. बापूसाहेबांनी गड्याला पिटाळून बाजारातून डिकेमालीच्या पुड्या मागवल्या, चांगल्या मूठभर. पाठवून देतो म्हणून दिलेला शब्द त्यांना आता आठवला होता. सुपडाने एक पुडी उघडून हुंगली, परत नीट बांधली आणि ओट्यावर ठेवली. “राहू द्या जी,” म्हणाला. पाणी प्यायला, बापूसाहेबांना वाकून नमस्कार केला आणि गाडी चुकेल म्हणून निघाला. तो बैल वाचला, पण त्या खांद्यावर पुन्हा जू बसलं नाही. जोडी फुटली. सुपडाने त्याला मोताळ्याच्या बाजारात विकलं, आणि जू न ओढणारा बैल बाजारात कोण घेतं हे सगळ्यांना माहीत असतं.

त्या दिवशी सुपडा फाटकाबाहेर पडल्यावर बापूसाहेबांनी ओट्यावरच्या पुड्या गोळा केल्या. मग मला म्हणाले, “वकील, त्यानं भांडाले पाह्यजे होतं.”

“का?”

“भांडला असता तं मी जिंकलो असतो ना.”

त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य.

पोळा झाल्यावर एका रविवारी ते एकटेच टेकडीवर गेले. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिथे तीन खड्डे होते. त्यांतल्या शेवटच्या खड्ड्यात, तुटून राहिलेल्या मुळाला एक कोंब फुटला होता. इथे शोकसभेतला वक्ता म्हणाला, ‘बापूसाहेबांनी ते झाड वाचवलं.’ काय वाचवलं? मजुरांनी घाई केली आणि पहार आडवी पडली म्हणून मूळ जमिनीत राहिलं. नीट काम झालं असतं तर तेही खामगावला येऊन कुजलं असतं. त्यांच्या आयुष्यातलं जे एक काम हयगयीने झालं, तेवढंच काय ते फळाला आलं.

पण पुढचं सांगितलं पाहिजे. त्यांनी बोराटीचे काटे तोडून त्या कोंबाभोवती स्वतः कुंपण केलं. शेळ्या राखणाऱ्या पोरांना दर खेपेला गूळ-शेंगदाणे वाटले. पुढची कित्येक वर्षं दर महिन्याला एक रविवार ते नांदुऱ्याला गाडी बदलून, मोताळ्याहून पुढे चालत तिथे जात. घरच्या बागेकडे बघायचं सोडलं. काळ्या मातीत हरळी माजली. डॉक्टर बाररूममध्ये विचारत, “काय बापूसाहेब, यंदा काय दाखवणार?” आणि बापूसाहेब म्हणत, “काही नाही.” गावाला वाटलं, म्हातारा संपला. मलाही तसंच वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

टेकडीवर ते मला पुन्हा एकदाच घेऊन गेले, त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात. चढताना दोनदा बसले. कोट काढून त्यांनी बाभळीवर टांगला आणि पिशवीतून तो प्रदर्शनाचा चषक काढला. चांदीचं पाणी उडून आतलं पितळ दिसत होतं. सुपडाच्या विहिरीवरून तो भरून आणला, अर्धं पाणी झुडपाला घातलं आणि अर्धं स्वतः प्यायले. “पुरा घातला का मरते हे,” म्हणाले. झुडूप गुडघ्याच्या वर आलं होतं. वरच्या फांदीवर एक फूल होतं, एकच, पांढरं.

“बापूसाहेब, फूल!” मी ओरडलोच.

“फुलाचं काय घेऊन बसला बे? इकडं पाह्य.”

त्यांनी बोटाने कोंबाचं टोक दाखवलं. त्यावर डिंकाचा पिवळा थेंब होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. मग त्यांनी खाली शेताकडे तोंड करून हाक मारली. सुपडाही म्हातारा झाला होता. तो काठी टेकत वर आला, थेंब बघितला आणि नखाने अलगद खरवडून पळसाच्या पानात घेतला. बापूसाहेब त्याच्याकडे निकालाची वाट बघणाऱ्या अशिलासारखे बघत होते.

सुपडाने हुंगलं. “हाव जी,” तो म्हणाला, “खरी हाय.”

उरलेला चिकटा बापूसाहेबांनी आपल्या बोटाने पुसून घेतला आणि आम्ही उतरलो.

परतीच्या एसटीत गर्दी होती. गाडी सुटली आणि थोड्याच वेळात तो वास पसरला. जुन्या पुडीतला, उग्र, लहानपणी नाक दाबायला लावणारा. समोरच्या बाईने पदर नाकाला लावला. मागचे दोघं उठून दाराशी जाऊन उभे राहिले. विहिरीवर हात धुवा म्हणून मी त्यांना सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नव्हतं.

“कोनाजवळ काय सडलं हाय बे?” कंडक्टर ओरडला.

बापूसाहेबांनी बोट वर केलं. “माह्याजवळ हाय,” म्हणाले, आणि ते बोट पुन्हा नाकाशी धरून डोळे मिटले.

मी त्यांच्या शेजारून उठलो नाही. खिडकी तेवढी उघडली.